काटे मोजत जंगलातून : एका काटेरी कोळ्याची ओळख पटवताना

पावसाचा जोर ओसरला की जंगलातल्या पाऊलवाटा जाळ्यांनी भरून जातात. तोवर कोळ्यांची पिल्लं मोठी झालेली असतात, उडते किडे मुबलक असतात आणि दोन झुडपांमधल्या मोकळ्या जागा जाळं लावायला सोयीच्या असतात. गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांसाठी जंगलात जायचं तर हाच काळ निवडावा. या भटकंतीत काटेरी कोळ्यांकडे, म्हणजे गॅस्टराकँथा आणि त्याच्या जवळच्या गोतावळ्याकडे, मुद्दाम लक्ष दिलं. जंगलाचं नाव देत नाही. वाट अरुंद आहे, माणसांची ये-जा वाढली की सगळ्यांत आधी जाळी तुटतात.

पहिला दिवस : वाटेवरचे पांढरे ठिपके

सामान टाकून दुपारी उन्हं कलताना आत शिरलो. वाट दाखवायला आलेले मामा पुढे होते. वळणापाशी ते थबकले आणि मागे न बघताच म्हणाले, "वाकू नका, थांबाच. ते पांढरे ठिपके दिसतात का? दोरी तिथनं गेलीय."

दोरी म्हणजे जाळ्याचा आधारधागा. तो एका झुडपाच्या फांदीपासून निघून वाटेच्या डोक्यावरून पलीकडच्या वेलीपर्यंत गेला होता. धागा दिसत नव्हता. दिसत होते ते त्याच्यावर थोड्या थोड्या अंतरावर बसवलेले कापसासारखे रेशमाचे पुंजके. काटेरी कोळ्यांच्या बऱ्याच जातींच्या जाळ्यावर हे पुंजके असतात, आणि ओळखीची पहिली खूण इथेच हाती लागते. पुंजके नेमके कशासाठी, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. अमेरिकेत आढळणाऱ्या गॅस्टराकँथा कँक्रिफॉर्मिसवरचा 2006 सालचा एक अभ्यास सांगतो की पुंजक्यांचा भक्ष्य ओढण्याशी संबंध दिसत नाही. पक्ष्यांसारख्या मोठ्या प्राण्यांना जाळं आधीच दिसावं, हा अर्थ त्यातल्या निरीक्षणांशी जास्त जुळतो. वाटेत उभं राहून ते पटतं. पुंजके नसते तर आम्ही त्या जाळ्यातून सरळ चालत गेलो असतो.

जाळं डोक्याच्या थोडं वर होतं, गोल भाग साधारण चाळीस सेंटीमीटर व्यासाचा. ते उभं नव्हतं, एका बाजूला कललेलं होतं. खालच्या अंगाला, मधोमध, डोकं जमिनीकडे करून मादी बसलेली. वाटेच्या बाजूने फक्त काळपट पोटाची खालची बाजू आणि तिच्यावरचे काही फिकट डाग दिसले. बरोबरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "काळाच आहे हा, काटे चार." वेलीला वळसा घालून पलीकडे गेल्यावर तीच मादी पिवळट पांढरी, आडव्या गडद पट्ट्यांची दिसली, आणि काटे सहा निघाले.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण चुकीच्या ओळखींपैकी पुष्कळ इथेच सुरू होतात. कोळ्याच्या पोटाची खालची बाजू जाळ्याकडे आणि पाठ बाहेरच्या बाजूला असते. जाळ्याच्या एका बाजूने पाठ दिसते, दुसऱ्या बाजूने पोट, आणि दोन्हींचे रंग अजिबात जुळत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेतच. पलीकडे जाताना जाळ्याखालून वाकून जाऊ नये. खाली बांधलेला आधारधागा हमखास अंगाला लागतो, एक धागा तुटला की पूर्ण जाळं सैल पडतं आणि कोळी धाग्यावरून पळून पानामागे जातो. मग त्याची वाट बघण्यात अर्धा तास सहज जातो.

सहा काटे मोजण्याची रीत साधी आहे. पुढची जोडी पोटाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर असते. ती आखूड असते आणि आखडून घेतलेल्या पायांमागे लपते. मधली जोडी बाजूंना असते, ती बहुधा सगळ्यांत मोठी. मागची जोडी मागच्या कडेला. चारच काटे मोजले गेले की जवळजवळ नेहमी पुढची जोडी सुटलेली असते. तेव्हा तिरकं, किंचित समोरून बघावं.

काटे मोजले की गटाची खात्री करावी. या कोळ्यांचं पोट लांबीपेक्षा रुंद, चपटं आणि खेकड्याच्या पाठीसारखं टणक असतं. पाठीवर काळसर खोलगट ठिपके असतात. त्यांना सिजिला म्हणतात, आतले स्नायू त्या जागी कवचाला जोडलेले असतात. यातले काही पुढच्या आणि मागच्या कडेने रांगेत असतात, तर मधले चार मोठे ठिपके चौकोन करतात. पोटाच्या खाली रेशीम सोडणाऱ्या अवयवांभोवती कठीण कडं असतं. साध्या गोल जाळ्यांच्या कोळ्यांत ते दिसत नाही, त्यामुळे खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो मिळाला तर ही खूण फार उपयोगी पडते. डोकं-छातीचा भाग उंच आणि चौकोनी, पोटाच्या पुढच्या कडेखाली अर्धा झाकलेला. पाय आखूड.

खेकडा-कोळी म्हणून ओळखले जाणारे थोमिसिडी कुळातले कोळी वेगळे. ते शिकारीचं जाळं विणतच नाहीत, फुलावर किंवा पानावर दबा धरून बसतात, आणि त्यांच्या पुढच्या दोन जोड्या पाय मागच्यांपेक्षा ठळकपणे लांब असतात. जाळ्याच्या मध्यावर बसलेला कोळी दिसला की हा गोंधळ तिथेच मिटतो. गॅस्टराकँथा हा अरेनिडी, म्हणजे गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या, कुळातला. सुंडेवाल या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1833 साली ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली.

काटे बघून माणसं बिचकतात, पण ते टोचायला येत नाहीत. हे कोळी अंगावर धावत नाहीत, दाबले गेले तरच चावू शकतात, आणि त्यांचं विष माणसाला धोकादायक नाही. तरी हातात घेऊ नये. त्याचा पाय तुटतो आणि आपल्याला एकही नवी खूण मिळत नाही.

अंधार पडायच्या आत नोंद केली : जाळ्याची जमिनीपासूनची उंची, कल, व्यास, पुंजके कोणत्या धाग्यांवर, आजूबाजूची झाडी, ऊन की सावली, वेळ. जातीच्या रकान्यात काही लिहिलं नाही. प्रजातीपुढे प्रश्नचिन्ह ठेवून झोपणं केव्हाही चांगलं. पहिल्या दिवशी लिहिलेलं नाव मनात घर करतं आणि दुसऱ्या दिवशी डोळे तेच शोधू लागतात.

दुसरा दिवस : पहाटेचं विणकाम आणि पट्टी

पहाटे त्याच वळणावर पोचलो तेव्हा कालचं जाळं उतरवलेलं होतं आणि नवं विणणं चालू होतं. जुनं रेशीम कोळी खाऊन टाकतात, त्यातली प्रथिनं नव्या धाग्यांसाठी वापरली जातात. चौकट आणि चाकाच्या आऱ्यांसारखे धागे लागून झाले होते. मादी मध्यापासून बाहेर जाणारी सुटी, बिनचिकट वेटोळी पुरी करून कडेला पोचली आणि तिथून उलटी आत येऊ लागली. आता ती चिकट धागा घालत होती. मागच्या पायाने धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढच्या आऱ्यावर जायचं. आधीची बिनचिकट वेटोळी ती वाटेतच तोडत होती, कारण तिचं काम फक्त पायाडाचं. मध्यापासून काही सेंटीमीटरवर ती थांबली आणि तेवढी जागा चिकट धाग्याविना मोकळी ठेवली. काटेरी कोळ्यांच्या जाळ्यात मधल्या चकतीभोवतीचा हा मोकळा पट्टा स्पष्ट दिसतो, जाळ्याच्या फोटोत तो जरूर यावा.

जाळ्याचा फोटो घ्यायला हीच वेळ. दव असतं, ऊन तिरकं असतं. सूर्याकडे तोंड करून, मागे गडद सावली येईल असं उभं राहिलं की धागे आपोआप उजळतात. जाळं दिसावं म्हणून पीठ किंवा पावडर उडवायची एक जुनी पद्धत आहे, ती टाळावी. पावडरीने चिकट धागा निकामी होतो आणि कोळ्याला दिवसभर उपाशी राहावं लागतं.

मग मोजमाप. ओळखीचा कणा म्हणजे काट्यांची प्रमाणं, आणि ती फोटोवरून काढता येतात. 1:1 आवर्धन देणारी मॅक्रो लेन्स पूर्ण 1:1 वर लावली की फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीची रुंदी बरोबर 36 मिलिमीटर असते. म्हणजे चौकटीचा पाव भाग व्यापणारी वस्तू 9 मिलिमीटरची. लहान सेन्सर असेल तर त्याची रुंदी माहितीपुस्तिकेत बघून तसाच हिशेब करावा. फोनवर क्लिपची मॅक्रो भिंग वापरत असाल तर कोळ्याचा फोटो झाल्यावर भिंग न हलवता, तेवढ्याच अंतरावर मिलिमीटरची पट्टी धरून दुसरा फोटो घ्यावा. पट्टी कोळ्याला चिकटवून धरायची गरज नाही.

चूक होते ती कोनामुळे. जाळं कललेलं आणि कॅमेरा सरळ, असं झालं की पोट आखूड नाहीतर अरुंद दिसतं आणि प्रमाण बिघडतं. याला एक सोपी परीक्षा आहे. मधल्या जोडीच्या दोन्ही टोकांवर आणि पोटाच्या पुढच्या-मागच्या कडेवर फोकस एकाच वेळी तीक्ष्ण असेल तर सेन्सर पाठीला समांतर आहे. एक टोक धूसर असेल तर तो फोटो मोजायला वापरू नये. ॲपर्चर एफ/8 ते एफ/11, शटर 1/200 सेकंद आणि समोर कागद लावून मऊ केलेला फ्लॅश एवढ्यावर काम होतं. वारा असेल तर एकाने आडवं उभं राहायचं. पिवळ्या-पांढऱ्या पाठीवर फ्लॅश जास्त झाला की सिजिलांच्या कडा पुसल्या जातात, म्हणून एक फोटो मुद्दाम थोडा काळपट घ्यावा.

मोजायचं ते असं : काटे सोडून पोटाची रुंदी, पोटाची लांबी आणि मधल्या काट्याची बुडापासून टोकापर्यंतची लांबी. काट्याची लांबी भागिले पोटाची रुंदी, हा एक आकडा निम्मं काम करतो. आमच्या मादीत तो एकाच्या बराच खाली आला. काटा जाड, टोकदार, बाजूला आणि किंचित मागे वळलेला. मागची जोडी त्याहून लहान, पुढची सगळ्यांत लहान.

दुपारी पावसाची सर आली आणि पडवीत बसून जुळवाजुळव करायला वेळ मिळाला.

आधी भूगोल. फोटोवरून नाव सुचवणारी साधनं काटेरी कोळी दिसला की पुष्कळदा गॅस्टराकँथा कँक्रिफॉर्मिस हे नाव पुढे करतात, कारण त्याचे फोटो जगभर सर्वाधिक फिरतात. लिनियसने 1758 साली नोंदवलेली ही जात अमेरिका खंडांची आहे. पांढरी, पिवळी, नारिंगी पाठ, काळे किंवा लाल काटे असे तिचे कितीतरी वेष आहेत. आशियातल्या जंगलात दिसलेल्या कोळ्याला हे नाव लागत नाही, दिसायला कितीही सारखा असो. मायक्रॅथेना ही काटेरी पोटाची प्रजातीही अमेरिकेतलीच. तिच्यातल्या बऱ्याच जातींचं पोट रुंदीपेक्षा लांब असतं आणि काट्यांची संख्या जातीनुसार बदलते. ऑस्ट्रेलियातला ऑस्ट्राकँथा मायनॅक्स असंख्य जाळी एकमेकांना जोडून वसाहत करतो.

आशियातल्या उमेदवारांत मॅक्राकँथा आर्क्युआटा सगळ्यांत सोपा. त्याचे मधले काटे पोटाच्या रुंदीहून कितीतरी लांब आणि कमानीसारखे वळलेले असतात. भागाकार एकाच्या खाली आला की तो बाद. थेलाकँथा ब्रेव्हिस्पिनाचे काटे आखूड, बुडाशी उंचवट्यासारखे फुगलेले आणि वर बारीक टोक आलेले असतात. रंगात ती जात फार फसवी आहे, पण काट्याचं बूड बघितलं की सुटते. गॅस्टराकँथा कुहलीचेही काटे आखूड, पाठ पांढरट आणि तिच्यावर काळे डाग. मॅक्राकँथा हासेल्टीची (जुन्या पुस्तकांत गॅस्टराकँथा) पाठ पिवळी-नारिंगी, सिजिला ठळक काळ्या, मधले काटे काळे आणि चांगले लांब, आणि पाठीवर आडवे रुंद पट्टे नाहीत. या सगळ्यांना चाळून उरला तो गॅस्टराकँथा जेमिनाटा, भारत आणि श्रीलंकेतला. फिकट पाठीवर आडवे गडद पट्टे, मधली जोडी सगळ्यांत मोठी आणि जाड.

पट्टे शेवटी बघितले, हे लक्षात घ्या. रंग आधी बघायची सवय लागते कारण तो आधी दिसतो. रंगाचं काम काय, याचं उत्तरही सगळ्या जातींना एकच नाही. ऑस्ट्रेलियात गॅस्टराकँथा फॉर्निकाटाच्या पाठीवरचे पिवळे पट्टे झाकले तेव्हा जाळ्यात कमी किडे सापडले, असं 2002 साली प्रसिद्ध झालं. ब्राझीलमध्ये कँक्रिफॉर्मिसवर तसाच प्रयोग झाला तेव्हा फरक पडला नाही, तो 2012 साली छापून आला. एकाच प्रजातीच्या दोन जाती, आणि रंगाचा उपयोग वेगवेगळा.

शेवटचा दिवस : ओढ्याकाठची माणसं आणि कोळी

ओढ्याच्या काठाने गेलो. पाण्यावर उडणारे किडे जास्त, म्हणून जाळीही जास्त. तिथे सरपण गोळा करणाऱ्या एक आजी भेटल्या. आम्ही वर बघतोय हे पाहून त्यांनी न विचारताच सांगितलं, "पान उलटं करा. वर बघून काय, अंडी खाली असतात." आणि एका रुंद पानाची खालची बाजू दाखवली. रेशमाचा लांबट, दाट अंडकोश होता, वर विस्कटलेल्या धाग्यांचं आवरण. कँक्रिफॉर्मिसची मादीही पानाच्या खालच्या बाजूलाच अंडी घालते, एका कोशात शंभर ते अडीचशेच्या आसपास, आणि त्यानंतर लवकरच मरते. इथे जवळ मादी नव्हती. तेव्हा नोंद "कोळ्याचा अंडकोश" एवढीच केली. जवळपास जेमिनाटा दिसतात म्हणून कोशही त्यांचाच असं लिहिणं बरोबर नाही.

पुढे एका जाळ्यात वेगळाच प्राणी दिसला : पाठ जवळजवळ पूर्ण तपकिरी, काटे बोथट, आकार कालच्या मादीच्या निम्माही नाही. बरोबरच्यांना ही दुसरी जात वाटली. दहा पट भिंगातून खालची बाजू बघितली. प्रौढ मादीच्या पोटाखाली, पुढच्या भागात, जननछिद्रावर गडद कठीण तबकडी असते. इथे ती तयार झालेली नव्हती. म्हणजे पिल्लू. शेवटची कात टाकण्याआधी काट्यांची लांबी, पोटाचा आकार आणि रंग तिन्ही प्रौढासारखे नसतात, आणि ओळखीच्या वर्णनांमध्ये जवळजवळ सगळं प्रौढ मादीबद्दल असतं. पिल्लाला वर्णन लावलं की नसलेली "नवी जात" सापडते. प्रजातीपर्यंत थांबावं.

नर शोधायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मादीच्या जाळ्याच्या कडेला, चौकटीच्या बाहेर, एकाच धाग्यावर लटकलेला होता. काटेरी कोळ्यांचे नर दोन-तीन मिलिमीटरचे असतात. पोट लांबट, काट्यांच्या जागी नुसते कोपरे. तोंडाजवळच्या दोन आखूड उपांगांची टोकं फुगीर दिसली की तो प्रौढ नर. हा मधूनमधून पायाने धाग्यावर ठेका देत होता आणि मादी प्रत्येक वेळी किंचित वळत होती. असा एकटा नर जाळ्याविना पानावर दिसला असता तर त्याला काटेरी कोळी कोणी म्हटलं नसतं. म्हणून नराच्या फोटोबरोबर मादीचा आणि दोघांमधल्या धाग्याचाही फोटो घ्यावा.

ओढ्याकाठच्या माद्यांत एक ठळक गोष्ट दिसली. कुणाची पाठ लिंबासारखी पिवळी, कुणाची जवळजवळ पांढरी, गडद पट्टे काहींत रुंद, काहींत मध्ये तुटलेले. मधल्या काट्याचं पोटाच्या रुंदीशी प्रमाण मात्र सगळ्या प्रौढ माद्यांत जवळपास तेवढंच आलं, काट्याचा आकारही तोच. एका मादीचा उजवा मधला काटा टोकाशी मोडलेला होता. मोजमाप नेहमी दोन्ही बाजूंचं घ्यावं ते यासाठी.

परतल्यावर नोंदी लावताना प्रत्येक कोळ्याचे फोटो वेगळ्या गटात ठेवावेत : पाठ, पोटाची बाजू, समोरून, बाजूने, पूर्ण जाळं. दोन जवळजवळच्या जाळ्यांचे फोटो एका नोंदीत मिसळले की नंतर कोणालाच काही ठरवता येत नाही. वैज्ञानिक नाव लिहिण्याआधी ते बर्नच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या जागतिक कोळी यादीत तपासावं, कारण या गटातल्या काही जाती एका प्रजातीतून दुसरीत गेल्या आहेत. आर्क्युआटा जुन्या पुस्तकांत गॅस्टराकँथाखाली सापडतो. जिथे ओळख सूक्ष्मदर्शकाखालच्या जननांगांवर अडते, तिथे फोटोवरून पुढे जाऊ नये, आणि फक्त नावासाठी, तेही परवानगी नसताना, कोळी बाटलीत भरू नये.

आमच्या वहीत प्रौढ माद्यांपुढे गॅस्टराकँथा जेमिनाटा लिहिलं गेलं. मादीच्या धाग्यावरचा नर तिच्याच नावाखाली गेला, पण "मादीच्या सोबतीवरून" अशी टीप घालून. पिल्लापुढे फक्त गॅस्टराकँथा, आणि अंधूक उजेडात उंचावर दिसलेल्या एका जाळ्यापुढे अरेनिडी कुळ. तिथे पुंजके होते, पण काटे मोजता आले नव्हते.